भट्टी वाढवली

२ फेब्रुवारी

या वहीची पहिली पानं अर्थशास्त्राची आहेत. शेवटची ओळ अशी आहे : 'बाह्य खर्च म्हणजे असा खर्च, की जो', आणि तिथेच थांबलीय. त्या तासाला मी उठून बाहेर गेलो तो परत वर्गात गेलोच नाही. मी सरांवर खुर्ची फेकली असं सगळीकडे झालंय. फेकली नव्हती. उचलली होती, एवढंच. कॉलेज मी सोडलं की कॉलेजने मला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, एक आईचं आणि एक बाबांचं. माझं कुणी विचारलेलं नाही.

बाकीची पानं कोरी पडलीत म्हणून लिहितोय.

मी बाटल्यांच्या कारखान्यात साच्यांना तेल लावतो. वरून वितळलेल्या काचेचा लाल गोळा साच्यात पडतो, यंत्र आत हवा फुंकतं, बाटली होते. लांब दांड्याचा तेलात बुडवलेला बोळा मधूनमधून साच्यात फिरवायचा, नाहीतर काच चिकटते. फिरवायचा आणि हात मागे. हाताला अक्कल असावी लागते, डोक्याला नसली तरी चालते, असं माझ्या जोडीचा पैलवान म्हणतो. माझ्या बोटांची टोकं आता कडक झालीत. परवा आईने चहाचा कप हातात दिला आणि ओरडली, अरे कानाने धर, भाजेल. तेव्हा कळलं की मला काही कळत नाहीये.

बाबा भट्टीचे फोरमन. घरी ते बोलत नाहीत, भट्टीवर माझ्याशी बोलत नाहीत. बाकी आमचं बरं चाललंय.

आणि ती. ती बाटल्या बघायला बसते. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जातात, त्यातली बुडबुड्याची, खड्याची, चिरेची बाटली तिने उचलून बाजूच्या डब्यात टाकायची. त्या जागेला सगळे 'नजर' म्हणतात. आज नजरेवर कोण आहे रे, असं विचारतात. म्हणून या वहीत मी तिला नजर म्हणणार. तिला हे माहीत नाही. बाकीचंही तिला किती माहीत आहे, मला माहीत नाही.

५ फेब्रुवारी

धुराच्या कायद्याचा कागद अखेर फळ्यावर लागला. म्हणजे कायदा मागेच झाला होता, आज तो आमच्या फळ्यापर्यंत पोचला. धूर सोडायचा तर टनाला इतके पैसे भरायचे, आणि दरवर्षी ते वाढत जाणार. त्याच्याखाली कंपनीचा कागद. कंपनीने दुसऱ्या शहरात विजेवरची भट्टी उभी केलीय, तिथे इथल्या काही लोकांना घेतील. ज्यांना जायचंय त्यांनी महिनाअखेरपर्यंत कारकुनाकडे नाव द्यायचं. आमच्या भट्टीचं काय, ते दोन्ही कागदांवर नाही.

कँटीनमध्ये गोंधळ. पॅकिंगमधले काका म्हणाले, "आपण धूर बंद केला की बाटल्या बाहेरच्या देशातून येणार. तिकडे असला कायदा नाही. म्हणजे धूर तिकडे सुटणार, बाटली इकडे येणार."

"मग धूर तिकडेच राहील की," कुणीतरी म्हणालं.

"धुराला पासपोर्ट लागतो का रे?"

सगळे हसले. नजर हसली नाही. ती म्हणाली, "काका, तुमच्या घरचे कपडे वाळत घातले की काळे होतात ना? ते कोण धुतं?"

"तुझी काकू."

"काकूला विचारा कायदा कसा आहे."

पुन्हा सगळे हसले, काकासुद्धा. मी म्हणालो की हे सगळं वरच्या लोकांचं नाटक आहे, ज्यांनी आयुष्यात चूल पेटवली नाही ते भट्टीचे नियम करतात, आणि नाव देणारे सगळे पळपुटे. टेबलावर जरा जोरात हात मारला गेला, कप पडला, पैलवानाच्या पँटवर चहा.

पैलवान काडीसारखा आहे, म्हणून पैलवान. तो म्हणाला, "कॉलेज, मी पळपुटाच आहे. तुझ्या वहिनीला सातवा लागलाय. पळायचं तर आत्ताच, पुढे तिला पळवणार नाही."

मला इथे सगळे कॉलेज म्हणतात. सोडल्यावर नाव मिळालं.

सुटताना नजरेला विचारलं, तू देणारेस नाव? ती म्हणाली, बघू. नुसतं बघू. दिवसभर बघायचंच काम करते आणि वर बघू.

६ फेब्रुवारी

काही नाही. तेल, साचे.

१२ फेब्रुवारी

दुपारची पाळी होती, सकाळी घरी होतो. बाबा मागच्या दारात उभे राहून फोनवर बोलत होते. मी आत दाढी करत होतो, नळ बंद केला म्हणून ऐकू आलं.

"हो, ठरलंय. पुढच्या महिन्यात भट्टी वाढवायची. वरूनच आलंय… नाही, पोरांना मी सांगेन माझ्या वेळेने… खड्डा खणायला घेतील या आठवड्यात."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी उभा राहिलो. भट्टी वाढवायची. म्हणजे ते दुसरं शहर, विजेची भट्टी, फळ्यावरचे कागद, सगळं हवा. मला उडी मारावीशी वाटायला पाहिजे होती. मी दुसरा गाल केला.

बाबा आत येऊन जेवायला बसले. आईने विचारलं, अजून वाढू? ते नको म्हणाले, आणि तिने वाढल्यावर खाल्लं. त्यांचा चेहरा आनंदाच्या बातमीचा नव्हता, पण त्यांचा चेहरा कुठल्याच बातमीचा नसतो.

पाळीला गेलो तर भट्टीच्या मागे खरंच दोन माणसं टेप धरून जमीन मोजत होती. खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. मोठी जागा. चांगली मोठी भट्टी होणार असं दिसतंय.

१३ फेब्रुवारी

नजरेला सांगितलं. सायकल स्टँडवर गाठलं. ती कुलूप काढत होती, तिचं कुलूप नेहमी अडकतं.

मी म्हणालो, "नाव देऊ नकोस. भट्टी वाढवणार आहेत."

तिने वर पाहिलं. "कोण म्हणालं?"

"बाबा. फोनवर बोलत होते, मी ऐकलं."

"काय म्हणाले? नीट सांग."

"भट्टी वाढवायची. पुढच्या महिन्यात."

"हाच शब्द? वाढवायची?"

"हाच. मागे खड्ड्याची मापंही घेतलीत, जाऊन बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाटलीकडे बघते तशी, उजेडासमोर धरून. इतका वेळ तिने माझ्याकडे कधीच बघितलेलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं, मी थांबावं."

"हो."

"भट्टी वाढवणार आहेत म्हणून."

"हो, म्हणून. आणि…" मी तिचं कुलूप काढून दिलं.

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणाली. ती थांबणार. दिवसभर तेल लावताना मी तेवढंच डोक्यात फिरवत होतो.

१४ फेब्रुवारी

पैलवानाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्याने नाव देऊन टाकलं होतं. तो म्हणाला, "खरं?"

"माझ्या कानांनी ऐकलंय."

"तुझे कान कॉलेज सोडलेले आहेत."

"बाबांचा शब्द आहे."

बाबांचा शब्द इथे सगळ्यांना चालतो. वहिनींना दुसऱ्या शहरात जायचं नव्हतंच. त्यांचा डॉक्टर इथला, आणि फार हालचाल करायची नाही असं त्याने सांगितलंय. पैलवान तडक कारकुनाकडे गेला आणि नाव काढून घेतलं. कारकून म्हणाला, लोक रांगेत उभे राहून नाव देतायत आणि तू काढतोस? पैलवान म्हणाला, साहेब, बायकोने नाही म्हटलंय. कारकून म्हणाला, मग बरोबर आहे, त्याला कागद लागत नाही.

संध्याकाळी पैलवानाने मला चहा पाजला, स्वतः होऊन. असं झालेलं नाही पूर्वी. फोनवर वहिनींना सांगत होता, "अगं भट्टी वाढवणार आहेत, आता कुठे जायचं नाही." फोन माझ्याकडे दिला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या तोंडात साखर पडो."

२० फेब्रुवारी

नजर दुसऱ्या पाळीला गेलीय. भेट नाही. तिला पाठवायला एक मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी 'कुलूप बदल' एवढंच पाठवलं. उत्तर नाही.

खड्डा बराच खोल गेला.

२६ फेब्रुवारी

जेवताना बाबा अचानक म्हणाले, "नाव दिलंस का?"

"नाही."

"का?"

"कशाला द्यायचं?"

त्यांनी घास तसाच धरला. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं त्यांनाच काय सांगायचं, आणि चोरून ऐकलं असं म्हणायचं तर पुढचं भांडण तयार. ते माझ्या वेळेने सांगेन म्हणाले होते, तर सांगू देत.

"मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही," बाबा म्हणाले. "फोरमनचा मुलगा म्हणून आत घुसला, असं कुणी म्हणायला नको."

"मी कुठे म्हटलं टाका?"

"दोन दिवस आहेत."

"असू देत."

आई म्हणाली, "तुम्ही दोघं जरा एकाच भाषेत बोलाल का?"

बाबा उठले. "त्याची मर्जी," म्हणाले. हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. नळ चालू होता.

१ मार्च

फळ्यावर यादी लागली. नजरेचं नाव आहे.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांच्या नावासकट वाचलं, दुसरी कुणी असेल म्हणून. तीच आहे.

कपाटाच्या दाराला लाथ मारली, दार वाकलं. आता ते लागत नाही. डबा उघड्यावर ठेवावा लागतो. पैलवान यादी वाचून म्हणाला, "जाऊ दे रे. मोठी भट्टी झाली की पस्तावतील." मला समजवायला म्हणाला तो. मी तिला फोन केला नाही. कशाला करायचा? बरं म्हणून गेली आणि नाव दिलं.

३ मार्च

आज पाळी बदलताना सगळ्यांना भट्टीसमोर बोलावलं. मॅनेजर कागद घेऊन उभा, बाजूला बाबा. मॅनेजरने वाचलं. भट्टीचं आतलं विटांचं अस्तर या वर्षी बदलायला आलंच होतं. नवं अस्तर घालायचं आणि वर धुराचेही पैसे भरायचे, ते कंपनीला परवडत नाही. आकडे वाचले. कायदा, कलम, खेद. कुणाला नीट कळलं नाही, किंवा कळलं आणि कुणी तसं दाखवलं नाही.

मग मागून पॅकिंगचे काका म्हणाले, "फोरमन, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून."

बाबा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "पंधरा तारखेला भट्टी वाढवायची," ते म्हणाले. "मागे खड्डा केलाय, काच त्यात काढून घ्यायची. शेवटचा माल नीट काढू. एकही बाटली वाकडी जायला नको."

मला आधी वाटलं की मॅनेजर एक म्हणतोय आणि बाबा दुसरं. मी बाबांकडून उत्तराची वाट बघत उभा होतो. मग आजूबाजूच्या जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. एकाने भट्टीत बघायची डोळ्यांवरची निळी काच काढून खिशात ठेवली, काम संपल्यावर ठेवतात तशी.

भट्टी बंद करतात म्हणत नाहीत, वाढवतात म्हणतात.

पैलवान माझ्या शेजारीच होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, तरी दिसला. तो हसला. हळू, नाकातून. "अरे," म्हणाला, "हे वाढवणं होय."

पाळी पुढे चालू झाली. तेल लावलं. एकदा हात साच्याला लागला. घरी आल्यावर आईने फोड बघितला, तेव्हा कळलं.

४ मार्च

सकाळीच कारकुनाकडे गेलो. पैलवानाचं नाव परत घाला. तारीख गेली, म्हणाला. मला माहीत आहे तारीख गेली, म्हटलं, घाला. यादी वर गेली, आता माझ्या हातात नाही. मग कुणाच्या हातात आहे? त्याने वर बोट केलं. वर पंखा होता.

मी त्याची कॉलर धरली. फार नाही, धरली आणि सोडली. तो बिचारा शर्ट नीट करत म्हणाला, "अरे, माझंही नाव यादीत नाही."

बाहेर आलो तर पैलवान दारातच. "झालं तुझं?" म्हणाला. "चल, साचे वाट बघतायत."

मी म्हटलं, शिवी दे मला. तो म्हणाला, "दिली असती. पण मीही ऐकलं आणि मलाही तेच ऐकायचं होतं." मग म्हणाला, "वहिनीला मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. डॉक्टर म्हणालाय, ताण नको."

"पण कळेलच की."

"बाळ झाल्यावर कळू दे. तिने विचारलं तर मी काय म्हणतो ठाऊक आहे? पंधराला भट्टी वाढवायची. शब्द तोच. खोटं कुठे आहे त्यात?"

६ मार्च

नजर सायकल स्टँडवर भेटली. म्हणजे मी उभा राहिलो. कुलूप तिने बदललं होतं.

मी विचारलं, "त्या दिवशी तू 'हाच शब्द' का विचारलंस?"

"कारण माझे आजोबा याच भट्टीवर होते. ते बंद म्हणायचेच नाहीत. घरातला रेडिओसुद्धा वाढवायचे."

"मग तेव्हाच सांगायचं ना मला."

"काय सांगायचं?"

"की भट्टी बंद होणार असा अर्थ आहे."

तिने हँडल सोडलं. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "फोरमनचा मुलगा तू. तुला माहीत नसेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही."

"माहीत असतं तर मी तुला थांब का म्हटलं असतं?"

"तेच. मी जाऊ नये म्हणून. मला वाटलं, हा शब्दाच्या आड उभा राहून खोटं बोलतोय. पकडला गेला तर म्हणणार, मी तर वाढवणारच म्हटलं होतं." ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "आधी राग आला. मग तेवढाही नाही आला. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव दिलं."

"मी खोटं बोललो नाही."

"बरं."

तेच बरं. त्या दिवशीचं आणि हे एकच होतं.

मग मी पैलवानाचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. ती तिथल्या कठड्यावर बसली. "त्यालाही सांगितलंस? मला कळलं असतं तर मी त्याला थांबवलं असतं रे." मग म्हणाली, "मी विचारायला हवं होतं तुला. तू खोटं बोलतोयस का, असं सरळ."

मी म्हणालो, "तुझी जागा त्याला दे."

हे मी का म्हणालो माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, खुर्ची उचलली गेली तसं.

ती उठली. "माझ्या घरात कमावणारी मी एकटी आहे. आणि तू मस्त आहेस. स्वतःकडे द्यायला काही नसलं की दुसऱ्याचं वाटत सुटतोस."

सायकल घेऊन गेली. नवं कुलूप एका झटक्यात निघालं.

७ मार्च

संध्याकाळी आई म्हणाली, "कोपऱ्यावरच्याने दुकान वाढवलं का बघ रे, मीठ संपलंय." मी जाऊन आलो. शटर खाली होतं. परत येऊन चपला काढताना म्हटलं, "वाढवलं."

"वाढवलं? एवढ्या लवकर?"

"हो, वाढवलं."

खोलीत येऊन बसलो. मग ध्यानात आलं मी काय म्हणालो ते.

म्हणजे शब्द मला माहीत होता. लहानपणापासून माहीत होता. दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात, दिवा वाढवतात. त्या दिवशी अर्ध्या गालाला साबण लावून उभा होतो तेव्हा तो कुठे गेला होता? विसरलो होतो, की मला हवं तेच मी ऐकलं? बाबांचा चेहरा बघितला होता. खड्डा बघितला होता. भट्टी बांधायला एवढा खोल खड्डा लागत नाही, हे मलाही कळायला हवं होतं.

मी खोटं बोललो नाही, असं तिला म्हणालो. आज म्हणता येत नाहीये. बोललो असंही म्हणता येत नाही.

९ मार्च

बाबांना विचारलं. तुम्ही फोनवर सरळ बंद का नाही म्हणालात?

ते बुटांची नाडी बांधत होते. "भट्टीजवळ तो शब्द काढत नाहीत."

"तुम्ही मागच्या दारात होतात. भट्टीजवळ नव्हतात."

त्यांनी दुसरी नाडी बांधली. "तू ऐकलंस?"

"हो. मला वाटलं, मोठी करणार."

बाबा तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू त्या मुलीसाठी नाव देत नाहीयेस. म्हणून जास्त बोललो नाही."

ती मुलगी त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मी विचारलं, कायदा चुकीचा आहे का? ते म्हणाले, "चुकीचा नसेल. पण पत्ता लिहिताना आपला लिहिला." दारातून पुन्हा मागे वळून म्हणाले, "पैलवानाचं मी दोन ठिकाणी सांगून ठेवलंय. त्याच्यासाठी शब्द टाकायला मला लाज नाही." माझ्यासाठी टाकलाय का, ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही.

१५ मार्च

भट्टी वाढवली.

सकाळी शेवटची बाटली आली. ती कुणी घ्यायची यावर जरा कुजबुज झाली, तोवर ती पुढे सरकत नजरेवर गेली आणि तिने ती उचलून डब्यात टाकली. चीर होती. काका म्हणाले, "आजच्या दिवस सोडायची होतीस गं." ती म्हणाली, "चीर होती." तिचा आज शेवटचा दिवस. उद्या जाणार.

दुपारी बाबांनी भट्टीच्या तळाची वीट फोडायला घेतली. लांब पहार, पुढे बाबा, मागे दोघं. मला हाक मारली नाही, पण तिसऱ्याने पहार सोडली तेव्हा मी धरली. वीट सुटली आणि काच बाहेर आली. मी समजत होतो धो धो येईल. ती हळू आली, मधासारखी, नाल्यातून खड्ड्यातल्या पाण्यात. वाफ इतकी झाली की कुणाला कुणी दिसेना. आत काचेचा तडतड चुरा होत होता.

एक नवा पोरगा म्हणाला, "विझली." तीन-चार जण एकदम म्हणाले, "वाढवली म्हण."

वाफ कमी झाल्यावर बघितलं तर नजर निघून गेली होती. तिच्या जागेवरचा पांढरा दिवा चालूच होता. मी जाऊन तो बंद केला. बंदच केला.

पैलवानाचा फोन वाजला. "हो," तो म्हणत होता. "हो, झालं आत्ताच. वाढवली… मोठ्याने बोल, इथे वाफ आहे… बरं, आणतो." फोन ठेवून म्हणाला, "वहिनी म्हणते येताना गोड काहीतरी आण, आणि भाऊजींना जेवायला घेऊन ये. चल."

मी म्हटलं, मी नाही येत. तो म्हणाला, "बातमी तू दिलीस, आता जेवायला मी एकटा जाऊ?"

त्याच्या घरी एकच खोली आणि ओटा. वहिनी खुर्चीत बसून ताटं मांडत होत्या, पैलवान त्यांना उठू देत नव्हता. ताटांखाली पेपर अंथरला होता. माझ्या ताटाखाली नोकरीच्या जाहिराती होत्या, दोन-तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल केलेले. पेन्सिल वहिनींच्या शेजारी ओट्यावर होती. पैलवान म्हणाला, "पेपर कुठून आला?"

"शेजारून मागून आणला. अंथरायला काही नव्हतं."

त्याने माझं ताट जरा सरकवलं आणि गोल झाकले.

वहिनींनी आधी गोड वाढलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग भाऊजी, केवढी वाढवली भट्टी?"

पैलवान खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत होता. एकच तुकडा, मोडून मोडून चुरा झाला.

"सगळी, वहिनी," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात लांब करून माझ्या ताटात अजून वाढलं. पुरे झालं होतं मला. तरी वाढू दिलं.